हे पिलू कोणाचे?

समजा, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची एक मोठी काचपेटी आहे. तळाशी वाळू, मधोमध खडक, एका कोपऱ्यात समुद्रपुष्प आणि त्याच्या आश्रयाला राहणारी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी. सोबतीला दोन कार्डिनल मासे, खडकाच्या फटीत दडून बसणारा एक गोबी आणि चार लहान कोळंब्या. एके दिवशी विज्ञान मंडळाची सभा लांबते, अंधार पडतो. दिवे मालवून बाहेर पडताना कोणीतरी सहज पेटीवर विजेरी धरतो आणि जागीच थांबतो. "सर, पाण्यात काहीतरी वळवळतंय!"

सगळे पेटीभोवती गोळा होतात. विजेरीच्या झोतात शंभरएक जीव नाचत असतात. प्रत्येकाची लांबी तिळाएवढी. अंग काचेसारखे पारदर्शक, चकाकतात ते फक्त डोळे. काल ते नव्हते, आज आहेत. उद्या असतील का? बहुधा नाही. त्यांतील बरीचशी पिले मोठ्या माशांच्या पोटात जातील, काही पाणी गाळणाऱ्या यंत्रात ओढली जातील आणि उरलेली दोन-तीन दिवसांत उपाशी मरतील.

त्यांना वाचवायचे तर दोन प्रश्नांची उत्तरे ताबडतोब हवीत. ही पिले कोणाची? आणि ती खातात काय? हे दोन प्रश्न वरवर साधे वाटतात. पण याच प्रश्नांनी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे चकवले आहे. ती हकीकत आपण पाहणारच आहोत. आधी आपल्या पेटीतील पाहुण्यांकडे वळू.

पिलू आईबापांसारखे का दिसत नाही?

मांजराचे पिलू मांजरासारखे दिसते, वासरू गाईसारखे दिसते. समुद्रातील बहुतेक माशांचे तसे नसते. अंड्यातून बाहेर पडलेला जीव आईबापांहून इतका वेगळा असतो की त्याला 'डिंभ' असे निराळे नाव दिले आहे. कोकणातल्या बाजारात मिळणारा लेप हा चपटा मासा तुम्ही पाहिला असेल. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. पण त्याचा डिंभ चारचौघांसारखा असतो, एक डोळा उजवीकडे आणि एक डावीकडे. पुढे वाढता वाढता एक डोळा हळूहळू सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा कुशीवर आडवा होऊन तळाशी राहू लागतो.

असे का होते? कारण डिंभाचे जगणेच वेगळे असते. मोठा मासा खडकाजवळ किंवा तळाशी राहतो, तर डिंभ प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, म्हणजे प्लवकांच्या, गर्दीत राहतो. पारदर्शक अंग, लांब काटे, पानासारखा चपटा देह ही सारी त्या भटक्या आयुष्याची साधने. ते आयुष्य संपले की ती साधनेही जातात आणि रूप पालटते. या पालटाला रूपांतरण म्हणतात. फुलपाखराच्या अळीत घडते तसेच, फक्त कोषाशिवाय.

पहिला तपास

तेव्हा नुसत्या चेहऱ्यावरून पिलाचे कूळ ठरवता येत नाही. मग पोलीस जसे आजूबाजूचा पुरावा गोळा करतात, तसे करावे लागते.

पहिला प्रश्न, हे मुळात मासे आहेत का? हसू नका. खाऱ्या पाण्याच्या पेटीत दिसणारी 'माशांची पिले' पुष्कळदा कोळंबीची पिले निघतात, नाहीतर जवळ्यासारखे दिसणारे मायसिड नावाचे चिमुकले प्राणी निघतात. बहिर्गोल भिंग घेऊन पाहा. मायसिडाचे डोळे देठावर असतात, अंगाखाली पायांची रांग असते आणि तो दचकला की मागच्या मागे उडी मारतो. माशाच्या पिलाला पाय नसतात. ते शेपटी डावी-उजवीकडे हलवत पुढे जाते.

दुसरा प्रश्न, पिले कधी दिसली? क्लाउनफिशची मादी समुद्रपुष्पाच्या पायथ्याशी खडकावर काही शे अंडी चिकटवते. नर त्यांची राखण करतो, परांनी वारा घालावा तसे पाणी घालतो. अंडी आधी नारिंगी दिसतात, मग करडी होतात, शेवटी प्रत्येकात दोन चकाकते डोळे दिसू लागतात. साधारण सात ते दहा दिवसांनी, तेही काळोख पडल्यावर, एकाच वेळी सगळी अंडी फुटतात. पिले ३ ते ४ मि.मी. लांब असतात आणि उजेडाकडे धाव घेतात.

तिसरा प्रश्न, गेल्या काही दिवसांत कोणता मासा वेगळा वागत होता? कार्डिनल माशाचा नर अंडी तोंडात धरून ठेवतो. त्या काळात त्याचा जबडा फुगलेला दिसतो आणि तो अन्नाला शिवत नाही. इंडोनेशियातील बांगाई कार्डिनल या जातीत तर पिले डिंभावस्था ओलांडूनच बापाच्या तोंडातून बाहेर पडतात, अगदी आईबापांच्या छोट्या प्रतिकृती. गोबीची अंडी खडकाच्या कपारीत छताला चिकटवलेली असतात. या खाणाखुणा कोणी वहीत टिपून ठेवल्या असतील तर तपास सोपा होतो.

आपल्या पेटीतील पिले काळोखात, एकदम, उजेडाकडे झेपावणारी आणि तिळाएवढी. संशय क्लाउनफिशवर जातो. पण हा संशयच. गोबीची पिलेही अशीच चिमुकली नि पारदर्शक असतात. खात्री करायची एकच जुनी, भरवशाची रीत आहे. पिलू वाढवायचे आणि ते कोण होते ते पाहायचे. या रीतीने प्राणिशास्त्रातील एक फार मोठे कोडे सुटले. तेही काचपेटीतच.

काचपेटीत सुटलेले कोडे

अठराव्या शतकात वेल्समधील होलिहेड बंदराजवळ विल्यम मॉरिस यांना एक विचित्र मासा सापडला. विलोच्या पानासारखा चपटा, पारदर्शक, डोके अगदी बारीक. त्याचे नाव पडले 'लेप्टोसेफॅलस', म्हणजे बारीक डोक्याचा. पुढे असे आणखी पुष्कळ मासे मिळाले आणि प्रत्येकाला नवी जात म्हणून निराळे नाव मिळाले. १८५६ साली कौप या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने अशाच एका जातीला 'लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस' असे नाव दिले. एक गोष्ट मात्र खटकत होती. यांपैकी एकाही माशाच्या पोटात कधी अंडी सापडत नसत.

१८६४ साली अमेरिकेतील थिओडोर गिल यांनी तर्क केला की मॉरिसचा मासा ही स्वतंत्र जात नसून काँगर या समुद्री ईलचे पिलू असावे. तर्काला पुरावा मिळाला १८८६ साली. फ्रान्समधील रॉस्कॉफ येथील सागरी प्रयोगशाळेत इव्ह दलाज यांनी असा एक जीव पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा काँगर झाला.

राहिला प्रश्न युरोपातील नद्यांत राहणाऱ्या ईलचा. सापासारखा लांब असा हा मासा. आपल्या नद्यांत सापडणारा अहीर त्याचाच भाऊबंद. युरोपात लोक हा मासा हजारो वर्षे खात आले, पण त्याची अंडी किंवा तान्ही पिले कोणी पाहिली नव्हती. ॲरिस्टॉटलने तर ईल चिखलातून आपोआप उपजतात असे लिहून ठेवले होते. पुढे मानसशास्त्रात नाव कमावलेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी विद्यार्थिदशेत, १८७६ साली, ईलच्या नराचे वृषण शोधण्यासाठी सुमारे चारशे ईल चिरून पाहिले होते!

या कोड्याला हात घातला इटलीतील जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी आणि त्यांचे सहकारी साल्व्हातोरे कालांद्रुच्चो यांनी. हेच ते ग्रास्सी, ज्यांनी पुढे १८९८ साली माणसाचा हिवताप ॲनाफिलीस डासामुळे पसरतो हे दाखवले. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी लावलेला हिवतापाचा शोध तुम्हाला ठाऊक आहेच. ग्रास्सी हे त्यांचे प्रतिस्पर्धी.

सिसिली बेट आणि इटली यांच्यामध्ये मेसिनाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तेथील प्रवाह आणि भोवरे इतके जोरदार आहेत की खोल पाण्यातील जीव वर फेकले जातात. त्यामुळे ग्रास्सींना लेप्टोसेफॅलस जिवंत मिळू शकले. त्यांनी 'ब्रेव्हिरोस्ट्रिस' जातीच्या अंगातील स्नायूंचे पट्टे मोजले. ती संख्या नदीतल्या ईलच्या मणक्यांच्या संख्येशी जुळत होती. पण संख्या जुळणे हा पुरावा अर्धाच. म्हणून त्यांनी ते जीव समुद्राच्या पाण्याच्या पेटीत ठेवले आणि पाहत राहिले.

पुढे जे घडले ते अजब होते. पानासारखे अंग बारीक नि गोलसर होऊ लागले. पुढे आलेले दात गळून पडले. आणि पिलू वाढण्याऐवजी चक्क थोडे आखूड झाले! सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीचा लेप्टोसेफॅलस जाऊन त्याच्या जागी पारदर्शक, दोऱ्यासारखा, छोटा ईल पोहू लागला. किनाऱ्याला लागणाऱ्या अशा पिलांना काच-ईल म्हणतात. १८९६ साली ग्रास्सी आणि कालांद्रुच्चो यांनी जाहीर केले की 'लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस' नावाचा मासा जगात नाहीच. ते ईलचे बाळ आहे.

नाव बरोबर, गाव चूक

या शोधाची आणखी एक बाजू आहे. मेसिनाला पिले मिळाली म्हणून ग्रास्सींनी असे धरले की ईल भूमध्य समुद्रातच अंडी घालतात. पण त्यांना मिळालेली सारी पिले मोठी, रूपांतराच्या उंबरठ्यावरची होती. तान्ही पिले कुठे होती?

१९०४ साली डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांना 'थोर' या जहाजावरून फॅरो बेटांच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात, ७७ मि.मी. लांबीचा एक लेप्टोसेफॅलस मिळाला. म्हणजे ही पिले भूमध्य समुद्राबाहेरही होती. मग श्मिट यांनी एक सोपी युक्ती वापरली. जिथे पिले सर्वांत लहान, तिथे त्यांचे जन्मस्थान जवळ. अटलांटिकभर बारीक जाळी ओढून ते पिलांची लांबी मोजत राहिले. नैर्ऋत्येकडे जावे तसतशी पिले लहान होत गेली. १९२२ सालापर्यंत त्यांच्या नकाशावरचे सर्वांत आतले वर्तुळ सरगॅसो समुद्रावर येऊन थांबले होते. युरोपापासून हजारो किलोमीटर दूर!

एका शास्त्रज्ञाने पेटीत बसून नाव सांगितले, दुसऱ्याने समुद्र पालथा घालून गाव सांगितले. दोन्ही कामे लागतात.

नाव कळले, पण जेवण?

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ग्रास्सींना एक मोठी सोय होती. रूपांतर सुरू झालेला लेप्टोसेफॅलस काही खात नाही, अंगातल्या साठ्यावर जगतो. त्यामुळे त्याला काय खाऊ घालावे हे ठाऊक नसतानाही त्यांचा प्रयोग यशस्वी झाला. आपल्या पेटीतील पिलांचे मात्र तसे नाही. त्यांच्याजवळ पीतकाची, म्हणजे अंड्यातल्या बलकाची, शिदोरी असते, पण ती फार थोडी. लवकरच तोंडात मावेल असे आणि हलणारे अन्न मिळाले नाही तर ती संपतात. माणसाला पोळीचा चुरा करून देता येतो, त्यांना मात्र चुरा चालत नाही. भक्ष्य वळवळले तरच त्यांना ते दिसते.

अशा पिलांचे पहिले जेवण म्हणजे रोटिफर. हा प्राणी मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशाएवढा. त्याच्या शोधातही एक गंमत आहे. जपानमधील ईलपालनाच्या तलावांत हा रोटिफर माजला की हिरवे पाणी एकाएकी बिघडे, म्हणून मासेपालक त्याला उपद्रवी समजत. १९६० च्या सुमारास ताकाशी इतो यांनी सुचवले की हाच जीव समुद्री माशांच्या पिलांचे अन्न होऊ शकेल. आज जगभरच्या समुद्री मत्स्यबीज केंद्रांत रोटिफर मुद्दाम वाढवला जातो.

क्लाउनफिशच्या पिलांचे संगोपन साधारण असे करतात. पिले जाळीने पकडत नाहीत, कारण जाळीच्या नुसत्या स्पर्शाने ती मरतात. विजेरीने एका कोपऱ्यात जमवून ती पाण्यासकट भांड्याने उचलतात. त्यांच्या नव्या पेटीत पाणी जुन्या पेटीतलेच, म्हणजे तेवढ्याच खारटपणाचे आणि तापमानाचे, घालतात. बाजूंना काळा कागद लावतात, नाहीतर पिले काचेतल्या चकाकीवर डोकी आपटत राहतात. हवेचे बुडबुडे अगदी मंद सोडतात. पाण्यात सूक्ष्म हिरवी शैवले घालतात. ती रोटिफरांचे अन्न, आणि हिरवट पाण्यात पिलांना भक्ष्यही नीट दिसते. दर मिलिलिटर पाण्यात पाच-दहा रोटिफर राहतील अशी काळजी घेतात. रोज तळ साफ करून थोडे पाणी बदलतात. चार-पाच दिवसांनी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कवचधारी प्राण्याची ताजी पिले देऊ लागतात. ती रोटिफरांहून मोठी, सुमारे अर्धा मिलिमीटर.

आणि मग दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास पिले वरचे पाणी सोडून खाली येतात. अंगावर नारिंगी झाक आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा दिसू लागतो. त्या दिवशी 'हे पिलू कोणाचे' या प्रश्नाचे उत्तर पिलू स्वतःच देते. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. पेटीत जन्मलेला प्रत्येक मासा म्हणजे प्रवाळ खडकांवरून पकडावा न लागलेला एक मासा.

ईलच्या बाबतीत मात्र हे जेवणाचे कोडे फार अवघड निघाले. १९७३ साली जपानमधील होक्काइदो विद्यापीठात संप्रेरके टोचून जपानी ईलची अंडी मिळवली गेली, त्यांतून डिंभ बाहेर आले आणि काही दिवसांत मरून गेले. कारण ते काय खातात हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या रोटिफरांचा गुण ईलच्या तलावामुळे कळला, त्या रोटिफरांवर ईलचीच पिले वाढेनात! पंचवीसेक वर्षे नाना पदार्थ देऊन पाहिल्यावर शार्कच्या एका जातीच्या अंड्यांच्या भुकटीची पातळ लापशी त्यांना चालली. ती टाकीच्या तळाशी ओततात आणि दिवे लावतात. पिले उजेड टाळण्यासाठी खाली जातात आणि खाऊ लागतात. दर दोन तासांनी, दिवसातून पाच वेळा! २००३ साली अशा रीतीने वाढवलेल्या काच-ईलची माहिती प्रसिद्ध झाली. २०१० साली पेटीत जन्मून वाढलेल्या ईलपासून पुढची पिढी मिळाली. समुद्रातली पिले बहुधा वरून पडणाऱ्या सेंद्रिय कणांवर, म्हणजे 'सागरी हिमा'वर, जगतात, असे आता मानले जाते.

हे सारे केवळ कुतूहलापोटी चाललेले नाही. ईलपालन आजही मुख्यतः समुद्रातून किनाऱ्याला येणारी काच-ईलची पिले पकडूनच चालते. २००८ साली युरोपीय ईलची नोंद 'अत्यंत संकटग्रस्त' जातींत झाली, तर २०१४ साली जपानी ईलची नोंद 'संकटग्रस्त' जातींत झाली. पिलांना काय भरवायचे हे नीट साधले तर समुद्रातल्या पिलांवरचा भार हलका होईल. शार्कच्या अंड्यांवर मात्र कायम विसंबता येणार नाही, कारण तो शार्कही कमी होत चालला आहे. म्हणून दुसऱ्या अन्नाचा शोध चालू आहे.

आजचा तपास

आज पिलाच्या शेपटीच्या एका तुकड्यातील डीएनए तपासून त्याचे नाव सांगता येते. या रीतीने काय उलगडा होऊ शकतो पाहा. खोल समुद्रातील तीन प्रकारचे मासे शास्त्रज्ञांनी तीन वेगवेगळ्या कुळांत घातले होते. एकाला लांबच लांब रिबिनीसारखे शेपूट, दुसऱ्याला मोठे नाक, तिसऱ्याला देवमाशासारखा भला मोठा जबडा. २००९ साली शास्त्रज्ञांनी डीएनए आणि जुने-नवे नमुने पडताळून दाखवले की शेपूटवाले ते डिंभ, नाकवाले ते नर आणि जबडेवाल्या त्या माद्या. मूल, बाप आणि आई तीन कुळांत विभागली गेली होती!

पण डीएनए फक्त नाव सांगतो. पिलाला भूक कधी लागते, ते कोणत्या उजेडात खाते, कोणत्या दिवशी रूप पालटते हे सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी रोज पेटीजवळ बसून पाहावेच लागते.

करून पाहा

प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची पेटी नसली तरी पहिला धडा गिरवता येईल. शोभेच्या माशांच्या दुकानात आर्टेमियाची सुप्त अंडी मिळतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ (आयोडीन नसलेले) विरघळवा, चिमूटभर अंडी घाला, हवेच्या पंपाने पाणी ढवळत ठेवा. साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाला एक-दीड दिवसात अंडी फुटतील. पंप बंद करून एका बाजूने विजेरी धरा. रिकामी टरफले वर तरंगतील आणि केशरी पिले उजेडाकडे जमतील. त्यांची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. मिठाचे प्रमाण निम्मे केले तर किती पिले निघतात, हेही ताडून पाहा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.

समुद्रकिनारी गेलात तर ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत पिले जरूर पाहा, पण तिथेच राहू द्या. समुद्रघोडे आणि प्रवाळ तर २००१ सालापासून आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहेत.

आणि एखाद्या संध्याकाळी कोणत्याही काचपेटीत तिळाएवढे दोन डोळे चमकताना दिसलेच, तर आधी तारीख, वेळ आणि पाण्याचे तापमान टिपून ठेवा. मग विचारा, हे पिलू कोणाचे? आणि त्याला भूक लागली असेल का?